वार्डातल्या माझ्या बाया

बाईला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं गावात कळलं की भेटायला माणसं येतात. ओसरीत बसतात, चहा घेतात, कोण्या नातेवाइकाला झाला होता त्याची गोष्ट सांगतात आणि ‘देव आहे, होईल सगळं ठीक’ म्हणून उठतात. मनापासून आलेली असतात, त्यांच्याबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. पण केमोचं लाल सलाईन लागल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो, हे त्यांच्यातलं कोणी मला सांगू शकत नव्हतं. ते सांगितलं देवळीच्या काकूंनी, नागपूरच्या हॉस्पिटलच्या पायरीवर बसून, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. मी आज उभी आहे त्यात डॉक्टरांचा वाटा आहेच. उरलेला वाटा अशा बायांचा आहे, ज्यांच्या छातीवर माझ्यासारखाच टाक्यांचा व्रण आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंबच्या बाजूला. शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. आशाताईंनी बायांची तपासणी ठेवली होती, तिथं सिस्टरच्या हाताला माझ्या छातीत डावीकडे गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही असा आमच्याकडं सरसकट समज आहे, आणि या रोगात तोच घात करतो, कारण ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. यवतमाळला सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला आणि रिपोर्ट घेऊन आम्ही नागपूर गाठलं. आधी ऑपरेशन, मग केमोच्या सलाईनी, मग शेक, असा क्रम ठरला. रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात.

वार्डात नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही. देवळीच्या काकू, हिंगणघाटवाली, आर्वीची मावशी, आणि मी कळंबवाली. काकूंचा इलाज कधीचाच आटोपला होता, त्या फक्त तपासणीला यायच्या, पण आल्या की आमच्या वार्डात एक चक्कर असायचीच. हिंगणघाटवाली तिशीतली, शिवणकाम करणारी, लहान लेकरू आईजवळ ठेवून यायची. मावशी रोजमजुरी करणारी, साठीला टेकलेली, गळ्यात तुळशीची माळ.

पहिली मदत झाली ती कागदांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आमचा इलाज झाला. आता या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च मिळतो. पण त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार जुळावं लागतं, आणि माझ्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवणं सुरू झालं. एका बाबूनं तर मान वर न करताच ‘नंतर या’ म्हटलं. गाठ अंगात आणि माणूस ‘नंतर या’ म्हणतो, तेव्हा पायातलं बळ जातं. पोराचे बाबा भिंतीला टेकून खालीच बसले. हिंगणघाटवाली आमच्याकडं पाहत होती. उठून आली, म्हणाली, “ताई, माह्यंही असंच झालं होतं. चला माह्यासंगं.” आणि थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या, टेबलासमोर नेऊन उभं केलं. काय अडलं आहे ते आमच्या वतीनं तिनंच सांगितलं. नंतर मला फाईल लावून दिली. सगळ्यात वर योजनेची मंजुरी, खाली तुकड्याचा रिपोर्ट, मग रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, शेवटी झेरॉक्स. वरून खताच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पावसात कागद भिजायला नको. ती फाईल अजून तशीच आहे.

ऑपरेशननंतर काखेजवळून एक नळी बाहेर काढतात, तिला बाटली असते, त्यात पाणी जमा होतं. बाटली हातात धरून संडासला जायचं, हातात धरून झोपायचं. हिंगणघाटवालीनं जुन्या ब्लाऊजपीसची खांद्याला अडकवायची पिशवी शिवून ठेवली होती, बाटली बरोबर बसेल एवढीच. ती एकीची नळी निघाली की धुऊन दुसरीच्या खांद्यावर जायची. माझ्या आधी ती कोणाकोणाकडं होती कोण जाणे, फुलाफुलांचा रंग पार उडाला होता.

मग हाताचा व्यायाम. काखेतल्या गाठी काढल्यामुळं त्या बाजूचा हात वर जात नाही. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची असते, रोज थोडं वर. घरी आल्यावर दुखायला लागलं की मी सोडून द्यायची. काकूंनी फोनवर सांगितलं, भिंतीवर खूण कर. मी सैपाकखोलीच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढली. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, “रेघ कुठवर गेली?” गेली नाही म्हटलं तरी रागवायच्या नाहीत. “राहू दे, उद्या पाहू,” एवढंच. रेघा वर सरकत सरकत फळीच्या उंचीला आल्या आणि एक दिवस मी फळीवरचा तिखटाचा डबा डाव्या हातानं काढला. सगळ्यात आधी काकूंना फोन केला. त्या तिकडून आपल्या सुनेला ओरडून सांगत होत्या, “कळंबवालीनं डबा काढला वो!”

केमोबद्दल लोक फार भीती घालतात. त्रास होतो, खरं आहे. तोंड येतं, पाण्याला लोखंडाची चव लागते, फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं. पण काय कधी होणार हे आधी ठाऊक असलं की निम्मी भीती जाते, आणि ते ज्या बाईनं भोगलं तीच नेमकं सांगू शकते. आमच्यातल्या बहुतेकींचं लाल सलाईन २१ दिवसांनी असायचं. पहिले चार-पाच दिवस मळमळीचे, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात ते दिवस जपायचे, आणि शेवटचा आठवडा बरा, त्यात आवडीचं खाऊन घ्यायचं. काकूंनी मला थर्मामीटर विकत घ्यायला लावलं. ताप १००.४ च्या वर गेला तर गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन घेऊन थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. एकदा रात्री मला तसा ताप भरला. आमच्या घरी ‘सकाळी पाहू’ असं चाललं होतं. काकूंनी फोनवर पोराच्या बाबांना घेतलं आणि ताबडतोब गाडी करायला लावली. पेशी फार खाली गेल्या होत्या, भरती व्हावं लागलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर अवघड झालं असतं असं डॉक्टर म्हणाले.

केस जायला पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवडे लागतात. ताटात, उशीवर, भाकरीच्या पिठात केस येतात, ते पाहवत नाही, म्हणून आधीच बारीक करून घे असं मला सांगितलं होतं. माझ्या जावेनं कात्री चालवली. सासू आत जाऊन रडत बसली, कारण तिच्या मनात बाईचं डोकं बोडकं होणं म्हणजे एकच गोष्ट होती. गावात मी पदर कपाळापर्यंत ओढून फिरायची. पण शेकाच्या दिवसांत आम्ही धर्मशाळेच्या एका खोलीत राहिलो, तिथली गोष्ट निराळी होती. दाराला कडी लागली की सगळ्या पदर, रुमाल, टोप्या काढून बसायच्या. कोणाचं डोकं गुळगुळीत, कोणाचे मऊ कुरळे केस फुटायला लागलेले. एकमेकींच्या डोक्यावरून हात फिरवून पाहायच्या, किती आले म्हणून. मावशी म्हणायची, “माह्ये पांढरे गेले नं काळे येऊन रायले पाय!” खरंच तिचे काळे येत होते.

शेक सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुट्टी, आणि असे कितीतरी आठवडे. रोज गावाहून ये-जा होत नाही, त्यामुळं बाया तिथंच राहतात. छातीवर शाईच्या खुणा केलेल्या असतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. कातडी काळी पडते, आग होते. आपल्या बायांचा हात लगेच हळदीकडं नाहीतर खोबरेल तेलाकडं जातो, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथं काहीही लावायचं नाही, साबण घासायचा नाही. आम्ही एकमेकींवर पाळत ठेवायचो. सुती, सैल, जुनं कापड घालायचं. खोलीत सगळ्यांत मऊ असं मावशीचं जुनं लुगडं होतं, ते तिनं फाडून सगळ्यांना वाटून टाकलं.

सैपाक पाळीनं. तोंड आलेल्या बाईला ठेचा चालत नाही, आणि वऱ्हाडातली बाई तिखटावाचून जेवली असं वाटतच नाही. मावशी ज्वारीच्या पिठाची आंबील करायची, पातळ, मीठ बेतानं, गार करून. ती घशाखाली उतरायची. जिला बरं वाटत असेल तिच्यासाठी गोळाभात. संध्याकाळी मावशी राष्ट्रसंतांची प्रार्थना म्हणायची, येईल तिनं सूर धरायचा. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले, नागपुरातल्या कॅन्सर हॉस्पिटलाला त्यांचंच नाव आहे. मावशी सांगायची, “महाराजाले बी हाच रोग होता. आपून पाप केलं म्हणून नाई झाला वो बाई.” गावात ‘मागल्या जन्माचं’ ऐकून आलेल्या बायांना हे तिच्या तोंडून ऐकायचं असायचं. मलाही.

दिवे मालवल्यावर बोलणं निघायचं. पाळी अचानक बंद झाली ती परत येईल का. अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री घाम फुटतो. नवऱ्यासमोर ब्लाऊज काढायची लाज वाटते. नवरा जवळ येत नाही, किंवा येतो आणि आपल्यालाच नको वाटतं. हिंगणघाटवालीच्या नवऱ्यानं तिला माहेरी सोडून दिलं होतं, ‘बरी झाली की ये’ म्हणून. तिनं हे त्या खोलीत पहिल्यांदा सांगितलं. कोणी तिला सल्ला दिला नाही, नवऱ्याला शिव्याही नाही. काकू त्या दिवशी मुक्कामाला होत्या, त्या तिच्या अंथरुणावर जाऊन झोपल्या. माझ्या सख्ख्या बहिणीला मी जे सांगितलं नाही ते या बायांना सांगितलं आहे, कारण बहिणीला सांगितलं की ती रडते आणि मग तिचीच समजूत काढावी लागते.

हिंगणघाटवालीनं आम्हा सगळ्यांना काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाऊजमध्ये घालायच्या छोट्या उशा शिवून दिल्या. एक बाजू सपाट झाली की ब्लाऊज त्या बाजूनं वर चढतो, खांदा वाकतो, आणि चारचौघींत उभं राहिलं की आपला हात नकळत पदराकडं जातो. दुकानात सिलिकॉनचं मिळतं, पण ते आमच्या ऐपतीचं नाही. तिनं आधी कागदाचा नमुना कापला, गोल नाही, काखेकडं निमुळता. घरच्या कापसातली सरकी काढून रुई पिंजली. जखम ताजी असताना आणि शेक चालू असताना नुसती रुई, हलकी. कातडी पूर्ण बरी झाल्यावर तळाशी मोहरीची छोटी पुरचुंडी, वजनासाठी, नाहीतर उशी गळ्याकडं सरकते. दुसऱ्या बाजूचा अंदाज घेऊन मोहरी कमी-जास्त करायची. धुवायची असली की टाका उसवून मोहरी काढून घ्यायची. मी ती लावून पहिल्यांदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले तेव्हा पदराला एकदाही हात लावला नाही.

गावातलंही सांगते. माझ्या घरचं विरजण चांगलं लागतं म्हणून शेजारपाजारच्या बाया वाटी घेऊन यायच्या. आजारानंतर येईनाशा झाल्या. कोणी काही बोललं नाही, वाट्या फक्त यायच्या थांबल्या. कॅन्सर शिवल्यानं, उष्ट्यानं होत नाही, हे सांगून पटत नाही. काकू एकदा घरी आल्या, जेवल्या, आणि निघताना ओसरीत बसलेल्या बायांसमोर म्हणाल्या, “विरजण दे वो मले, तुह्यं दही लय गोड आहे.” स्टीलच्या डबीत घेऊन एसटीनं देवळीला गेल्या. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमचं एकमेकींकडं जाणं-येणं वाढलं आहे. त्या अर्ध्या तिकिटाचं मोल आमच्यासारखीला विचारावं.

कापसाचंही त्यांच्याचकडून शिकले. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, वेचणीत ते चालतंच. पण ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तिथं साधा ओरखडा पिकला तरी हात सुजून खांबासारखा होतो, आणि ती सूज नंतर पूर्ण उतरेलच असं नाही. त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. शेत सोडून मला चालणार नव्हतं. मावशीनं मार्ग सांगितला. वेचणीला आम्ही साडीवर घरच्या माणसाचा जुना शर्ट घालतोच, त्याच्या बाह्या मनगटाशी बांधायच्या, डाव्या हातात पातळ मोजा घालायचा, ओटी अर्धी भरली की रिकामी करायची आणि गाठोडं दुसऱ्यानं उचलायचं. माझं गाठोडं जाऊ उचलते. वेचते मी कमी, पण वेचते.

ही सगळी अक्कल देणाऱ्या मावशीनं स्वतःचा इलाज मध्येच सोडला होता, तोही सलाईनी चालू असताना. वेचणीचे दिवस आले, कोणीतरी झाडपाल्याचं औषध दिलं आणि ती नागपूरला यायची थांबली. काकू, हिंगणघाटवाली आणि मी तिच्या घरी गेलो. मावशी म्हणाली, “मी आली का पोराचा रोज बुडते. दोघांचं भाडं, खाणं. कुठून आणू?” झाडपाल्यावर तिचा फार विश्वास होता असंही नव्हतं. अडचण सोबतीची होती. मग असं ठरलं की तिच्या पोरानं तिला आर्वीला एसटीत बसवून द्यायचं, वर्ध्याच्या स्टँडवर मी तिला उतरवून घ्यायची, आणि पुढं नागपूरला दोघींनी मिळून जायचं. तारखा एकच करून द्या म्हणून सिस्टरच्या मागं लागलो. तिनं करून दिल्या. मावशीच्या सलाईनी पूर्ण झाल्या, शेक झाला.

पुढल्या वर्षी तो रोग तिच्या यकृतात निघाला.

शेवटच्या महिन्यांत आम्ही आळीपाळीनं जायचो. करण्यासारखं थोडंच होतं. दुखण्याची गोळी घड्याळ पाहून द्यायची, दुखायला लागण्याची वाट पाहायची नाही, हे काकूंनी तिच्या सुनेला बसवून समजावलं. सून आधी घाबरायची, सवय लागेल म्हणून. वेळेवर गोळी सुरू झाली तशी मावशी रात्री झोपायला लागली, माणसं ओळखून बोलायला लागली. हिंगणघाटवालीनं तिला समोरून उघडणारे सैल ब्लाऊज शिवून नेले. मी आंबील करून द्यायची, तिनं शिकवली तशी. ती दोन चमचे घ्यायची आणि मीठ कमी आहे म्हणायची.

ती गेली तेव्हा आम्हा तिघींना तिच्यासाठी रडू आलं आणि स्वतःसाठी भीतीही वाटली. पुढचा नंबर कोणाचा, हे प्रत्येकीच्या मनात होतं. काकूंनीच ते तोंडावर बोलून टाकलं, परतीच्या एसटीत. त्यानंतर आम्ही त्यावर मोकळं बोलतो. तपासणीच्या आधीच्या रात्री झोप येत नाही, तेव्हा फोन करायची मुभा आहे, कितीही वाजता. मावशीच्या लेकीला आम्ही तपासणीला घेऊन गेलो. आईला झाला तर लेकीनं जास्त जपायला हवं, तिला वाट पाहून चालत नाही. तिचं सगळं ठीक निघालं.

माझी आता रोजची एक गोळी चालू आहे, ती काही वर्षं घ्यायची आहे. हिंगणघाटवाली माहेरीच राहते, तिचं शिवणाचं दुकान चालतं. नवरा न्यायला आला होता, ती गेली नाही. आमच्यातल्या काहींना वाचता येत नाही म्हणून आम्ही मोबाईलवर बोलूनच निरोप पाठवतो. कोणाला गाठ निघाली की आमच्या आशाताई मला कळवतात.

आताच राळेगावकडची एक सून आहे, रिपोर्ट आला आहे, पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचं आहे. घरचे म्हणतात आधी पोळा होऊ द्या. तिच्या सासूशी बोलायचं काम काकूंकडं दिलं आहे, काकू सासवांशी चांगलं बोलतात. कागद मी पाहिले, रेशनकार्डावर नाव बरोबर आहे, फक्त झेरॉक्स काढायच्या आहेत. बाटलीची पिशवी हिंगणघाटवालीनं नवीन शिवली आहे, जुनी फाटली. वर्ध्याच्या स्टँडवर तिला कोण भेटणार ते उद्या ठरवू.